घरचा वायफाय राउटर बदलावा का? मुंबईतल्या घरांसाठी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं

आमच्या इमारतीत, नात्यात, ऑफिसात कुणाचं नेट रखडलं की मला फोन येतो. हौस म्हणून मी जातो, बघतो, जमेल ते दुरुस्त करतो. प्रश्न तेच तेच असतात. घाईघाईनं पैसे घालवल्यावरही आतल्या खोलीत तोच गोल फिरताना दिसला की माणसं हिरमुसतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहितोय. मुंबईतल्या खोल्या, इथल्या भिंती आणि इथले शेजारी डोळ्यांपुढे ठेवूनच.

नेट हळू चालतंय. नवा राउटर आणला की सुटेल ना?

सुटेलही, पण आधी मोजून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दोष राउटरचा नव्हताच. कुठे वायर खराब होती, कुठे राउटरची जागा चुकली होती, तर कुठे प्लॅनच अपुरा होता.

अर्धा तास काढा आणि तीन आकडे कागदावर लिहा. पहिला आकडा वायरचा. लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉपला लॅनची जागा नसेल तर यूएसबीचा जोड कुणाकडून तरी मागून आणा, पण ही पायरी गाळू नका. दुसरा आकडा राउटरसमोरचा. केबल काढा, राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला (नावापुढे ५जी असतं ते) जोडा आणि पुन्हा टेस्ट करा. तिसरा आकडा जिथे त्रास होतो तिथला. रोज जसे बसता तसेच बसा, दार लावायची सवय असेल तर दार लावून.

आता आकडे वाचा. वायरवरच वेग कमी असेल तर वायफायला दोष देण्यात अर्थ नाही. लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला जोडून बघा, जमत नसेल तर नेटवाल्याला बोलवून त्याच्याकडून करून घ्या. तिथेही कमीच आला तर तक्रार लाइनची. तिथे पूर्ण आला आणि राउटरमधून गेल्यावर कमी झाला तर राउटर किंवा मधली वायर. वायरवर पूर्ण, पण राउटरसमोर उभं राहूनही वायफायवर निम्म्याहून कमी, असं असेल तर राउटर जुना झालाय किंवा तुमचा फोन. ते ठरवायला दुसऱ्या, नव्या फोनवर हीच टेस्ट घ्या. पहिले दोन आकडे चांगले आणि तिसराच पडलेला असेल तर भिंतींचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर खाली आहे.

ही मोजणी दोनदा करा, सकाळी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास. सकाळी झकास आणि रात्री वायरवरही मंद, म्हणजे नेटवाल्याची लाइन रात्री भरते. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं वाटून घेतलेली असतात. जीपॉन या फायबर वाटण्याच्या पद्धतीत त्या सगळ्यांसाठी येणारा वेग मिळून साधारण २.५ गिगाबिट असतो. पुढची लाइनही तोकडी असली तर रात्री सगळ्यांनाच जाणवतं. इथे कितीही महागडा राउटर आणला तरी फरक पडणार नाही.

शंभरचा प्लॅन घेतलाय, पण डाउनलोड करताना बाराच दिसतो. फसवलं का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बारा दिसतोय म्हणजे तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय.

प्लॅन २०० चा केला, तरी टेस्ट ९४ च्या वर जात नाही. हेल्पलाइनवाले म्हणतात राउटर बदला.

थांबा, हा आकडा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ९३, ९४, ९५ यांच्या आसपास वेग अडकत असेल तर मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटचा जोड आहे, हे जवळजवळ नक्की. तो कुठे आहे एवढंच शोधायचं.

लालबागला माझ्या मावशीकडे अगदी हेच झालं होतं. प्लॅन वाढवून महिना झाला, बिल वाढलं, वेग तिथेच. कंपनीच्या माणसानं फोनवरच निकाल दिला की राउटर जुना आहे. मावसभावानं नवा राउटर निवडूनही ठेवला होता. मी गेलो तेव्हा आधी फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची दोन हातांची केबल काढली आणि तिचं टोक खिडकीजवळ उजेडात धरलं. आरजे-४५ चं ते प्लास्टिकचं टोक पारदर्शक असतं, आतल्या तारांचे रंग दिसतात. आठ दिसायला हव्या होत्या, दिसल्या चारच: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. वरचं आवरण थोडं सोललं तर निळी आणि तपकिरी जोडी आत होती, कापून मागे दुमडलेली. ज्यानं बसवली त्यानं वेळ वाचवला होता. चार तारांवर १०० मेगाबिट चालतो, गिगाबिटला आठही तारा लागतात. दोन्ही टोकं कापून आठ तारांची नवी टोकं क्रिम्प केली, म्हणजे दाबून बसवली. टेस्ट लावली, १९६. मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "अरे, म्हणजे नवीन नको ना घ्यायला?" नको.

तुमच्याकडे केबल बरोबर असेल तर राउटरच्या मागचे पोर्ट बघा. स्वस्त राउटरांना अजूनही १०० मेगाबिटचेच पोर्ट येतात, आणि डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं. तो आकडा हवेतल्या वेगाचा. पोर्टवर अडकलं तर हवेत कितीही वेग असला तरी तुमच्यापर्यंत ९४ च पोचणार. प्लॅन शंभराच्या वरचा आणि राउटरचे पोर्ट १०० चे, असं असेल तर मात्र राउटर बदलायलाच हवा. असं सरळ कारण क्वचितच मिळतं.

आमच्याकडे दोन डबे आहेत, शेजाऱ्यांकडे एकच. कुठला बदलायचा?

फायबरची पातळ, बहुधा काळी किंवा पांढरी तार ज्यात जाते तो डबा म्हणजे ओएनटी. बरेच लोक त्याला मोडेम म्हणतात. प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत बदलणं हे त्याचं काम. तो कंपनीचा असतो, त्यांच्याकडे नोंदवलेला असतो, स्वतःच्या मनानं बदलता येत नाही. दुसरा डबा म्हणजे राउटर, तो बदलता येतो. शेजाऱ्यांकडे एकच आहे कारण त्यांच्या ओएनटीमध्येच वायफाय बसवलेलं आहे.

एकच डबा असला तरी स्वतःचा राउटर लावता येतो. सोपा मार्ग म्हणजे ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल काढून नव्या राउटरला द्यायची, नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवायचा (म्हणजे तो नुसतं वायफाय देतो) आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं. दुसरा मार्ग कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचा, म्हणजे ओएनटी नुसते संदेश पुढे देतो आणि राउटरचं काम तुमचा राउटर करतो. तेव्हा तुमचं पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातला) आकडा लागतो. हे तिन्ही लेखी मागून घ्या. कनेक्शनसोबत लँडलाइन किंवा टीव्ही असेल तर ब्रिज मोडमध्ये ते बंद पडणार नाही ना, हेही आधी विचारा. मला विचाराल तर साध्या घरात पहिलाच मार्ग बरा.

दोन्ही डब्यांना राउटरचंच काम करू दिलं तर एकामागे एक अशी दोन जाळी तयार होतात. यूट्यूब चालतं, पण ऑनलाइन गेम, घराबाहेरून कॅमेरा बघणं, ऑफिसचं व्हीपीएन यांत विचित्र अडचणी येतात.

हॉलमध्ये मस्त चालतं, बेडरूमचं दार लावलं की संपलं. राउटर कमजोर आहे का?

बहुधा भिंत जबर आहे. हा प्रश्न मुंबईत सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर इमारत कशी बांधलीय त्यावर ठरतं.

जुन्या चाळींत खोल्यांमधली विभागणी पुष्कळदा लाकडाची किंवा पातळ विटांची असते. तिथे साधा राउटरही दोन खोल्या भागवतो. उलट गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींच्या मुख्य भिंती दीड-दीड फूट जाडीच्या असतात, त्यांच्या पलीकडे ५ गिगाहर्ट्झची लहर दमूनच पोचते. आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले नवे टॉवर तर वेगळंच प्रकरण आहे. त्यांतल्या बऱ्याच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या असतात, बांधकामवाले त्याला मायव्हान म्हणतात. तिथे आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, सळयांची जाळी घालून ओतलेलं सलग काँक्रीट असतं. खिळा ठोकायला गेलात आणि ड्रिल मशीनसुद्धा कुरकुरलं तर तुमचं घर त्या प्रकारातलं. घर जुन्यापेक्षा मोठं, राउटर तोच, आणि बेडरूममध्ये नेट नाही, अशी तक्रार घेऊन माणसं येतात तेव्हा मी आधी भिंतीवर बोटानं टकटक करतो.

सिग्नल किती येतोय ते फोनवर कळतं. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची ॲप असतात, त्यांत आकडा उणे चिन्हानं येतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ नंतर अडखळायला लागतो, उणे ८० ला फोन कसाबसा धरून असतो. आमच्याच इमारतीतल्या एका घरी हॉलमध्ये उणे ४८ होता. बेडरूमच्या उंबऱ्यावर उणे ६१. दार लावून पलंगावर बसलो तर उणे ७९. उंबऱ्यापासून पलंग जेमतेम सात फूट.

काही विकत घेण्याआधी जागा बदलून बघा. नेट बसवणारा माणूस तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे मुख्य दारावर नाहीतर टीव्हीमागे राउटर टांगून जातो. त्याला लवकर पुढच्या घरी जायचं असतं. मी राउटर माळ्यावर स्टीलच्या डब्या-पातेल्यांमध्ये ठेवलेला पाहिलाय, लोखंडी कपाटावर पाहिलाय, शोकेसच्या आरशामागे पाहिलाय. धातू आणि आरसा वायफाय परतवून लावतात, पाण्याचं पिंप शोषून घेतं. राउटर छातीच्या उंचीवर, मोकळा, जमेल तितका घराच्या मध्यावर आणि बेडरूमच्या दाराच्या रेषेत आला तर पुष्कळदा काम भागतं. त्यासाठी पाच-सात मीटर केबल लागते, तेवढंच.

जागा हलवली, तरी आतली खोली कोरडीच. रिपीटर घेऊ, मेश घेऊ की मोठा राउटर?

वायर टाका.

हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण नुकतंच रंगकाम झालेलं असतं. तरीही मी आग्रहानं हेच सांगतो. हॉलपासून बेडरूमपर्यंत लॅनची कॅट-६ केबल आणि तिच्या टोकाला साधा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला, तर त्याला भिंतीशी झगडावंच लागत नाही. बऱ्याच फ्लॅटांत बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत पाइप आधीच टाकलेला असतो आणि ती जुनी केबल आता कुणी वापरत नाही. इलेक्ट्रिशियनला सांगा, जुन्या केबलला नवी बांधून ओढ. ओढली गेली तर एक भोकही पाडावं लागत नाही. नाही जमलं तर स्कर्टिंगला लागून पांढरी पट्टी. घर नवं घेतलं असेल किंवा रंगकाम काढलं असेल तर प्रत्येक खोलीत लॅनची एक तार आत्ताच टाकून घ्या.

वायर अजिबात शक्य नसेल तर मेश. दोन-तीन डबे एकाच नावानं चालतात आणि फोन आपोआप जवळच्या डब्याकडे जातो. पण दुसरा डबा कोरड्या खोलीत ठेवू नका, वाटेत ठेवा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून चांगला येतो तिथे. मेशच्या डब्यांनाही आपसांत हवेतूनच बोलायचं असतं. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. व्हॉट्सॲप आणि यूपीआयपुरतं चालत असेल तर ठीक. ऑफिसच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

चारशे-पाचशे चौरस फुटांच्या घराला तीन डब्यांचा मेश संच घेऊ नका. इतक्या जवळ ठेवलेले डबे एकमेकांनाच त्रास देतात.

दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी असतं. कुठलं वापरायचं?

त्या ५जी चा मोबाइलच्या ५जी शी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. २.४ भिंतीतून जास्त लांब जातो, पण तिथे गर्दी भयंकर. भारतात त्यात १ ते १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न येणारे तीनच धरता येतात: १, ६ आणि ११. आता तुमच्या फोनवर वायफायची यादी उघडा. वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले मिळून वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. ती सगळी या तीन चॅनेलमध्ये दाटीवाटीनं बसलेली आहेत, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. ओव्हन चालू केला की नेट तुटतं असं कुणी म्हणालं तर ते खरं असतं.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं हा पट्टा ५१५० पासून ५८७५ मेगाहर्ट्झपर्यंत, मधला थोडा भाग सोडून, विनापरवाना वापरायला मोकळा केला. म्हणून राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, स्मार्ट बल्ब आणि जुन्या प्रिंटरसाठी २.४ ठेवा, आणि २.४ ची चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० केली तर अशा गर्दीत वेग वाढत नाही, भांडणं वाढतात.

तुमचा राउटर फक्त २.४ चाच असेल, म्हणजे एकच पट्ट्याचा, तर दाट वस्तीच्या इमारतीत तो बदलायला हे कारण पुरेसं आहे.

वायफाय ५, ६, ७... कितवं घेऊ?

वायफाय ४ म्हणजे २००९ चं ८०२.११एन, वायफाय ५ म्हणजे २०१३ चं ८०२.११एसी. वायफाय ६ ची प्रमाणपत्रं सप्टेंबर २०१९ पासून मिळू लागली, वायफाय ७ ची जानेवारी २०२४ पासून.

आज नवा घ्यायचाच असेल तर वायफाय ६ घ्या, त्याहून खाली जाऊ नका. एकट्या फोनचा वेग वाढतो म्हणून नव्हे. त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनेल वाटून देण्याची सोय आहे, आणि आपल्याकडे चार माणसांच्या घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा मिळून पंधरा वस्तू सहज होतात. शिवाय वायफाय ६ चं प्रमाणपत्र मिळवायचं तर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा असावीच लागते. पण वायफाय ५ चा, गिगाबिट पोर्टचा, नीट चालणारा राउटर असेल आणि प्लॅन १००-२०० चा असेल, तर नुसता आकडा वाढला म्हणून बदलू नका.

वायफाय ७ चा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, तिथे ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल मिळतात. आपल्या दूरसंचार विभागानं त्यातला ५९२५ ते ६४२५ हा खालचा भाग घरगुती वापराला खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला. म्हणून वायफाय ७ घेताना भारतात विकल्या जाणाऱ्या त्या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ खरोखर आहे का, हे बघून घ्या. परदेशातली तारीफ इथे लागू होईलच असं नाही. आणि फोनही वायफाय ७ चा हवा, नाहीतर तो जुन्याच भाषेत बोलणार.

डब्यावर एएक्स १८००, एएक्स ३००० लिहितात ते काय?

दोन्ही पट्ट्यांचे कागदावरचे वेग एकत्र मिळवून केलेली बेरीज. एसी १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. एएक्स १८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरीज त्याच्या उपयोगाची नाही. एएक्स ३००० मधला २४०२ हा आकडा तर १६० मेगाहर्ट्झ रुंदीवरचा आहे. फोनला ती जमत नसेल तर तो १२०१ वरच राहतो. प्रत्यक्षात यांच्या निम्मा-पाऊण वेग मिळाला तरी समाधान माना.

सहा अँटेनावाला घेतला तर रेंज वाढेल?

फारशी नाही. राउटरनं किती जोरात बोलायचं याला नियमांची मर्यादा आहे. आणि तुमचा फोन उलट उत्तर देतो तेव्हा त्याचा आवाज लहानच असतो. राउटरचं फोनला ऐकू गेलं, पण फोनचं राउटरला नाही, तर नेट चालत नाही.

राउटर सहा-सात वर्षांचा आहे, पण चालतोय. मग बदलायचं कारण काय?

सुरक्षा. मला स्वतःला हे कारण वेगापेक्षा मोठं वाटतं. घरातले बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, कॅमेऱ्याचं चित्र, सगळं त्या डब्यातून जातं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मध्येच, म्हणजे डब्ल्यूपीए३ च्या आधीच्या सुरक्षेतच, क्रॅक नावाची त्रुटी सापडली. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसनं जगभरातले पाच लाखांच्या आसपास राउटर आणि तत्सम उपकरणं पोखरली होती. अशा वेळी कंपनी फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, दुरुस्ती काढते, पण जुन्या मॉडेलांसाठी काढणं बंद होतं. तुमच्या राउटरचं मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा आणि शेवटचं फर्मवेअर कुठल्या तारखेचं आहे ते बघा. तीन-चार वर्षांत काहीच आलं नसेल तर बदला, तो चालत असला तरी.

रोज एक-दोनदा बंद करून चालू करावा लागत असेल तर मात्र राउटर फेकण्याआधी ॲडॉप्टर बदलून बघा. ॲडॉप्टर म्हातारा झाला की व्होल्टेज पडतं आणि राउटर वेड्यासारखा वागतो. नव्याचं व्होल्टेज जुन्याइतकंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन तीच, आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह असलेला.

स्पीड टेस्ट छान येते, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो.

तेव्हा अपलोड बघा. फोन गॅलरीचे फोटो वर पाठवत असतो, कॅमेरा चित्र पाठवत असतो, आणि तुमचा आवाज त्यांच्यामागे रांगेत उभा राहतो. कुणी काही वापरत नसताना पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १० आणि मोठं डाउनलोड चालू असताना २०० होत असेल, तर रांग राउटरमध्ये लागतेय. क्यूओएसची (आधी कुणाला जाऊ द्यायचं ते ठरवायची) सोय असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपला पुढचा नंबर द्या. चांगल्या राउटरांत रांग आटोक्यात ठेवणारी एसक्यूएम नावाची सोय असते, ती लावून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली की आवाज सुधारतो. घरून काम करणाऱ्यानं नव्या राउटरमध्ये अँटेनांऐवजी ही सोय शोधावी.

मुळात किती स्पीड लागतो?

नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ मेगाबिट आणि ४के ला १५ पुरतो. चार माणसांच्या घराला नीट चालणारा १०० चा प्लॅन भरपूर आहे.

लाइट गेली की नेटही जातं. त्यावर काही?

१२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली होती. तेव्हा लॉकडाउनमुळे अर्धं शहर घरून काम करत होतं. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मात्र ओएनटी आणि राउटर दोघांनाही जोडा. नुसत्या राउटरला जोडून फसलेली घरं मी पाहिलीत. फायबरच्या मधल्या वाटण्यांना वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला वीज असेल तर नेट चालू राहतं. गच्चीवरच्या स्विचमधून (नेट घराघरांत वाटणाऱ्या डब्यातून) लॅनची तार खाली येत असेल तर त्या स्विचलाही बॅकअप लागेल. हे सोसायटीत बोलून घ्या.

कुठून घेऊ, आणि दुकानात काय बघू?

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हाताळून बघता येतं, ऑनलाइन परत करणं सोपं जातं. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना ते विचारा. डब्यावर सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का ते वाचा, दोन्ही पट्टे आणि डब्ल्यूपीए३ आहे का ते बघा. भाड्याच्या घरात राहत असाल तर स्वतःचा साधा वायफाय ६ राउटर घ्या, तो तुमच्याबरोबर पुढच्या घरी येईल.

नवा लावताना घरातल्या सगळ्या वस्तू पुन्हा जोडायच्या का?

नाही. नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, बहुतेक वस्तू आपोआप जोडल्या जातात. जुने बल्ब किंवा प्रिंटर डब्ल्यूपीए३ ला अडले तर डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय निवडा. राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करा आणि फर्मवेअर अद्ययावत करा. जुना राउटर धड असेल तर आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट करा. देऊन टाकणार असाल तर आधी पिन दाबून रिसेट करा, आणि मेला असेल तर कचऱ्याच्या पिशवीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

मी ऑफिसात असतो. घरी आईबाबांचं नेट गेलं तर ते काय करणार?

आमच्या घरी ओएनटीच्या शेजारी मी एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. तुम्हीही तो तसाच उतरवून घ्या:

एलओएस (LOS) दिवा लाल असेल तर काही बंद-चालू करू नका, तार तुटलीय किंवा कुठेतरी दुमडली गेलीय, खालच्या नंबरवर फोन करा.

पॉन (PON) दिवा हिरवा स्थिर असेल आणि नेट नसेल तर दोन्ही डब्यांची बटणं बंद करा. आधी डावा डबा (ओएनटी) चालू करा, तीन मिनिटं थांबा, मग उजवा (राउटर).

ग्राहक क्रमांक खाली लिहिलाय. तक्रार केल्यावर ते जो नंबर देतील तो इथेच पेन्सिलनं लिहून ठेवा, मी आल्यावर बघतो.